जुन्या गाड्यांचे कमान-पाटे: दुरुस्त करावेत की बदलावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कमान-पाटे म्हणजे लीफ स्प्रिंग: एकावर एक रचलेल्या बाकदार पोलादी पट्ट्यांचा संच. एका पट्टीलाही आणि संपूर्ण संचालाही पाटाच म्हणतात. जुनी गाडी एका बाजूला कलली किंवा खड्ड्यातून जाताना मागून लोखंड आपटल्याचा आवाज आला, की पहिला संशय पाट्यांवर जातो आणि पाठोपाठ नवे पाटे मागवण्याचा निर्णयही होऊन जातो. पुष्कळदा तो निर्णय चुकीचा असतो. गाडीबरोबर कारखान्यातून आलेले पाटे योग्य पोलादाचे आणि योग्य जाडीचे असतात. ते थोड्या कामाने पुन्हा अनेक वर्षे चालू शकतात. याउलट अंदाजाने आणलेले नवे पाटे गाडीचा स्वभावच बदलून टाकतात. म्हणून खालच्या बहुतेक उत्तरांत मोजपट्टीचा उल्लेख पुन्हा पुन्हा आलेला दिसेल.

पाटे ‘बसले’ म्हणजे नेमके काय झालेले असते?

बहुतेकांची समजूत अशी असते की वर्षानुवर्षे ओझे वाहून पोलाद थकते, मऊ पडते आणि त्यामुळे गाडी खाली येते. प्रत्यक्षात पोलादाची ताठरता वयाबरोबर कमी होत नाही. पाट्याचे पोलाद नवे असो वा 70 वर्षांचे, त्याचा स्थितिस्थापकता गुणांक सुमारे 200 गिगापास्कलच राहतो. बदलतो तो पाट्याचा आकार. वारंवार क्षमतेपलीकडे वाकल्यामुळे कमान थोडी थोडी कायमची सपाट होते आणि त्यालाच आपण पाटा बसला असे म्हणतो. असा पाटा पूर्वीइतकाच कडक असतो, फक्त त्याची सुरुवातीची उंची कमी झालेली असते.

हा फरक ध्यानात घेतला नाही तर पुढचे सगळे उपाय चुकतात. उंची हरवलेली असेल तर उंची परत द्यावी लागते, आणि ती कमान मारून, म्हणजे पाट्याला पुन्हा बाक देऊन, देता येते. कडकपणा खरोखर कमी होतो तो जाडी घटली, पाटा तुटला किंवा यू-बोल्ट (संच अ‍ॅक्सलला आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट) सैल झाले तरच. जाडी घटण्याचे महत्त्व एका हिशेबाने पटेल. पाट्याची ताठरता जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे 6 मिलिमीटरचा पाटा गंजून आणि घासून 5.4 मिलिमीटर झाला, म्हणजे जाडी फक्त एक दशांश घटली, तरी त्याची ताठरता 27 टक्क्यांनी उतरते.

गाडी कललेली आहे. दोष पाट्याचाच आहे हे कसे ओळखावे?

गाडी सपाट जमिनीवर उभी करावी, चारही टायरमधली हवा सारखी करावी आणि गाडी हाताने दोन-चार वेळा वरखाली दाबून सोडावी, कारण पाट्यांमधल्या घर्षणामुळे ती कधी वरच्या तर कधी खालच्या पातळीवर अडकून बसते. मग मडगार्डापासून न मोजता अ‍ॅक्सलच्या वरच्या पृष्ठभागापासून चासीच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजावे. मडगार्ड ठोकाठोकीत वाकडे बसलेले असू शकते आणि टायरही वेगवेगळे झिजलेले असू शकतात. चासी आणि अ‍ॅक्सल यांच्यामधल्या मापात यांपैकी कशाचीही भेसळ होत नाही.

एवढे झाल्यावरही दोष पुढे आहे की मागे हे कळत नाही, कारण मागचा एक पाटा बसला तर समोरचा तिरपा कोपराही खालीवर होतो. यासाठी पुढचा अ‍ॅक्सल बरोबर मध्यभागी जॅकवर उचलावा. आता पुढचे पाटे गाडीला डावी-उजवीकडे तोलून धरू शकत नाहीत. कल तसाच राहिला तर दोष मागे आहे, आणि कल नाहीसा झाला तर तो पुढे आहे. गाडी अशी एका बिंदूवर तोललेली असताना कोणीही तिच्या खाली जाता कामा नये.

माझ्या एका गाडीची उजवी बाजू जवळजवळ 20 मिलिमीटर खाली दिसत होती, म्हणून मी उजवा पाटा काढून कमान मारायला पाठवला. तो परत आला, बसवला, तरी कल तसाच. शेवटी डावीकडच्या शॅकलवर (पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या दुव्यावर) हातोडीचा हलका ठोका मारला तेव्हा तिच्या सांध्यातून तपकिरी भुकटी गळाली आणि शॅकल मात्र हलली नाही. गाडी वर्षभर चासीखाली घोड्या लावून ठेवलेली होती, पाटे मोकळे लोंबत होते आणि त्याच अवस्थेत शॅकलची पिन बुशात (पिन ज्यात फिरते त्या नळीत) गंजून पक्की झाली होती. उजवी बाजू खाली आलेली नव्हती, तर डावी वर अडकलेली होती. तेव्हापासून मी पाट्याला हात लावण्याआधी चारही शॅकल मोकळ्या हलतात की नाही ते पाहतो.

पाट्याची कमान कशी मोजावी?

मुख्य पाट्याच्या दोन्ही टोकांना गुंडाळून केलेले डोळे असतात. त्या दोन डोळ्यांच्या केंद्रांतून एक बारीक दोरा ताणून धरावा आणि सेंटर बोल्टपाशी (सगळे पाटे एकत्र बांधणाऱ्या बोल्टपाशी) दोऱ्यापासून मुख्य पाट्याच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर मोजावे. ही झाली कमान. पाटा गाडीवर असताना आणि काढून मोकळा ठेवल्यावर अशी दोन्ही मापे लिहून ठेवावीत. जुन्या कार्यशाळा-पुस्तिकांत बहुधा मोकळी कमान किंवा ठरावीक ओझ्याखालची कमान दिलेली असते आणि त्यांपैकी कोणती दिली आहे हे न पाहता तुलना केल्यास घोळ होतो. काही ठिकाणी माप पाट्याच्या पृष्ठभागापासून नसून डोळ्याच्या कडेपासून दिलेले असते, हेही आकृतीत पाहून घ्यावे.

डाव्या आणि उजव्या पाट्यांची कमान वेगळी निघाली तर लगेच दोष समजू नये. चालक, इंधनाची टाकी आणि बॅटरी एकाच बाजूला आल्यामुळे काही उत्पादक त्या बाजूचा पाटा मुद्दाम जास्त कमानीचा देत असत. सीरीज लँड रोव्हर हे त्याचे परिचित उदाहरण आहे. अशा गाडीचे पाटे सुटे करताना ‘डावा’, ‘उजवा’, ‘पुढची बाजू’ अशा खुणा खडूने नव्हे तर धातूच्या पट्टीवर ठोकून तारेने बांधाव्यात, कारण साफसफाईत खडू पुसला जातो.

पाट्याची ताठरता घरच्या घरी तपासता येते का?

येते, आणि माझ्या मते ही सर्वांत उपयोगाची आणि सर्वांत कमी केली जाणारी चाचणी आहे. ज्या अ‍ॅक्सलचे पाटे तपासायचे त्याच्या बरोबर वर, डावी-उजवी मिळून, 100 किलो वजनाच्या वाळूच्या पिशव्या ठेवाव्यात. प्रत्येक पाट्यावर 50 किलो आले. चासी आणि अ‍ॅक्सल यांच्यामधले अंतर 25 मिलिमीटरने कमी झाले, तर पाट्याची ताठरता दर मिलिमीटरला सुमारे 20 न्यूटन आहे. घर्षणामुळे वजन चढवताना आणि उतरवताना वेगवेगळे आकडे येतात. दोन्ही घेऊन सरासरी काढावी. दोन्ही बाजूंची ताठरता जुळत असेल आणि पुस्तिकेतल्या आकड्याजवळ असेल, तर पाटे बसलेले आहेत पण बाद झालेले नाहीत, आणि कमान मारून घेणे पुरेसे आहे.

कोणता पाटा दुरुस्त करू नये?

तडा गेलेला पाटा, मग तो तडा केसासारखा बारीक का असेना, कधीही परत वापरू नये. तडे कुठे शोधायचे हे माहीत असले की काम सोपे होते. गाडीचे ओझे आले की कमान सपाट होऊ लागते, म्हणून प्रत्येक पाट्याची आतली, म्हणजे खोलगट बाजू ताणली जाते आणि तडा बहुधा तिथूनच सुरू होतो. सेंटर बोल्टच्या भोकाच्या कडा, यू-बोल्टच्या पट्टीची कड जिथे पाट्यावर टेकते ती रेषा, आणि डोळ्याच्या गुंडाळीची सुरुवात या तीन जागा तारेच्या ब्रशने चकचकीत करून भिंगाखाली पाहाव्यात. त्यानंतर रंगद्रव्य झिरपवून तडे दाखवणारा फवारा वापरावा. तो स्वस्त आहे आणि डोळ्यांना न दिसणारी रेषा लाल करून दाखवतो.

तुटलेल्या पाट्याचा तुकडा हाती आला तर फेकून देण्याआधी त्याचा तुटलेला पृष्ठभाग उजेडात धरून पाहावा. त्यावर बहुधा दोन वेगळे भाग दिसतात: एक काळपट, गुळगुळीत आणि शिंपल्यासारख्या वलयांचा, तर दुसरा करडा, खरखरीत आणि चमकदार. काळपट भाग हा बराच काळ हळूहळू वाढत गेलेला तडा, आणि चमकदार भाग हा शेवटच्या धक्क्याला तुटलेला. काळपट भाग मोठा असेल तर पाटा बरेच दिवस इशारा देत होता असे समजावे आणि त्याच संचातले बाकीचे पाटे दुप्पट काळजीने तपासावेत.

झिजेबद्दल माझा नियम असा आहे. खालच्या आखूड पाट्याचे टोक वरच्या पाट्याच्या पोटाला घासून खाच पाडते. खाच उथळ असेल तर तिच्या कडा लांबीच्या दिशेने घासून गोलसर कराव्यात. आडवे ओरखडे ठेवू नयेत, कारण प्रत्येक आडवा ओरखडा हा उद्याच्या तड्याचा आरंभ असतो. खाचेमुळे किंवा गंजाच्या खड्ड्यांमुळे जाडी एक दशांशाहून अधिक घटली असेल तर तो पाटा बदलावा.

तुटलेला पाटा वेल्डिंग करून वापरता येईल का?

नाही. पाट्याचे पोलाद कार्बनयुक्त आणि पाणी पाजून, म्हणजे तापवून झटक्यात थंड करून, कडक केलेले असते. वेल्डिंगच्या जोडालगतचा पट्टा अतितप्त होऊन झपाट्याने थंड होतो आणि काचेसारखा ठिसूळ बनतो, तर त्याच्या पलीकडचा पट्टा मऊ पडतो. जोड वरून कितीही सुबक दिसला तरी त्याच्याच शेजारी पाटा पुन्हा तुटतो, आणि मुख्य पाटा तुटला तर अ‍ॅक्सल जागेवरून सरकतो. याच कारणासाठी पाट्याजवळ चासीचे वेल्डिंग करताना पाट्यावर ठिणग्या उडू देऊ नयेत आणि अर्थिंगची पकड पाट्याला लावू नये.

गॅसच्या ज्योतीने तापवून कमान वाढवली तर चालेल का?

तेही चालणार नाही, पण त्याचे कारण वेगळे आहे. ज्योतीने पाटा जिथे लाल होतो तिथला कडकपणा निघून जातो आणि बाकीचा पाटा कडक राहतो. गाडी खाली सोडली की काही दिवस सगळे ठीक वाटते. पुढे त्या मऊ जागी पाटा कोपरासारखा वाकतो. एखाद्या पाट्यावर एकाच जागी निळसर-तपकिरी डाग आणि त्या जागी कमानीत अचानक वाक दिसला, तर पूर्वी कोणीतरी हा प्रयोग करून गेले आहे असे समजून तो पाटा बाजूला काढावा.

मग कमान मारण्याची योग्य पद्धत कोणती?

दोन पद्धती आहेत. पहिली थंड पद्धत: संच सुटा करून एकेक पाटा प्रेसखाली घेतात आणि दर दोन-तीन सेंटिमीटरवर थोडा थोडा दाब देत त्याला पूर्ण लांबीत सारखा बाक देतात. जुने कारागीर हेच काम ऐरणीवर ठोके देऊन करतात, आणि हात बसलेला असेल तर तेही उत्तम होते. कमान थोडीच गेलेली असेल तर ही पद्धत पुरते.

दुसरी पद्धत गरम कामाची आहे. तीत पाटा संपूर्ण लांबीत भट्टीत सुमारे 850 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, साच्यावर बाक देतात, लगेच तेलात बुडवून पाणी पाजतात आणि नंतर साधारण 400 ते 500 अंशांवर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. हा शेवटचा टप्पा गाळला तर पाटा कडक होतो पण पहिल्याच मोठ्या खड्ड्यात मोडतो. म्हणून पाटे ज्यांच्याकडे द्यायचे त्यांना मी नेहमी एकच प्रश्न विचारतो: पाणी पाजल्यावर पाटे पुन्हा कोणत्या तापमानाला आणि किती वेळ ठेवता? या प्रश्नाचे सरळ उत्तर मिळाले नाही तर पाटे परत आणावेत.

दोन्ही पद्धतींत एक गोष्ट हमखास विसरली जाते, आणि ती म्हणजे पाट्यांमधली फट. सुटे पाटे एकमेकांवर ठेवले की मध्यभागी त्यांच्यात थोडी थोडी फट दिसली पाहिजे, कारण प्रत्येक आखूड पाट्याचा बाक त्याच्या वरच्या लांब पाट्यापेक्षा किंचित जास्त असतो. कारागीर हिला ‘निप’ म्हणतात. सेंटर बोल्ट आवळला की ही फट मिटते आणि मुख्य पाटा ओझ्याच्या उलट दिशेने थोडा आधीच वाकवला जातो. त्यामुळे ब्रेक, वळण आणि खड्डे यांचा जास्तीचा मार सोसणाऱ्या त्या पाट्यावरचा ताण हलका होतो. शिवाय टोके एकमेकांना दाबून राहतात, म्हणून पाटे खडखडत नाहीत आणि त्यांच्यात चिखल शिरत नाही. सगळ्या पाट्यांना एकच बाक मारून दिला तर संच दिसायला नीटनेटका दिसतो, पण ही फट नाहीशी होते आणि मुख्य पाटा लवकर तुटतो. काम परत घेताना सेंटर बोल्ट आवळण्याआधी ही फट स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी.

काम पूर्ण झाल्यावर संच प्रेसखाली दोन-तीन वेळा पूर्ण सपाट होईपर्यंत दाबून सोडावा लागतो. पहिल्या दाबाला कमान थोडी उतरते आणि नंतर स्थिर होते. हे कार्यशाळेत केले नाही तर तेच बसणे गाडीखाली होते आणि महिन्याभरात गाडी पुन्हा खाली आल्याची तक्रार येते.

नवे पाटे बनवून घ्यायचे असतील तर कोणती मापे द्यावीत?

डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची लांबी सरळ रेषेत आणि पाट्याच्या वळणाबरोबर अशी दोन्ही प्रकारे द्यावी. सेंटर बोल्ट नेहमी मध्यावर नसतो, म्हणून पुढच्या डोळ्यापासून सेंटर बोल्टपर्यंतचे अंतर वेगळे लिहावे. प्रत्येक पाट्याची लांबी, रुंदी, जाडी आणि टोकाचा आकार, डोळ्याचा आतला व्यास, डोळा वर वळलेला आहे की खाली, क्लिपांच्या जागा आणि मोकळी कमान हेही हवे. शक्य असेल तर जुना संच नमुना म्हणून सोबत द्यावा, पण त्याची कमान बसलेली आहे हे बजावून सांगावे. नाहीतर बसलेल्या कमानीची हुबेहूब नक्कल हातात पडते.

जाडीबाबत विशेष आग्रह धरावा. जुन्या ब्रिटिश आणि अमेरिकी गाड्यांचे पाटे इंचांच्या मापात असतात आणि आज मिळणारी पट्टी बहुधा मिलिमीटरमध्ये असते. पाव इंच म्हणजे 6.35 मिलिमीटर. त्याऐवजी 6 मिलिमीटरची पट्टी वापरली तर ताठरता सुमारे 16 टक्क्यांनी घटते, आणि 7 मिलिमीटरची वापरली तर सुमारे 34 टक्क्यांनी वाढते. जवळचे माप घेतले असे सांगून दिलेला पाटा प्रत्यक्षात वेगळ्याच गाडीचा होऊन बसतो. मिलिमीटरची पट्टीच घ्यावी लागली तर पाट्यांची संख्या आणि जाडी यांचा मेळ घालून एकूण ताठरता मूळ आकड्याला आणावी लागते.

पाटे कमी आणि जाड करून काम सोपे करण्याचा मोहही टाळावा. 6 मिलिमीटरच्या सहा पाट्यांऐवजी 8 मिलिमीटरचे तीन घेतले तर ताठरता जेमतेम 19 टक्के वाढते, पण तितक्याच वाकण्याला प्रत्येक पाट्यातला ताण एक तृतीयांशाने वाढतो, कारण ताण जाडीच्या प्रमाणात वाढतो. जुन्या गाड्यांत पुष्कळ पातळ पाटे दिसतात ते याच हिशेबामुळे.

एकाच बाजूचा पाटा बदलला तर चालेल का?

एखादा मधला पाटा तुटला असेल आणि त्याच जाडीचा, त्याच बाकाचा पाटा मिळत असेल तर तेवढाच बदलता येतो. संपूर्ण संच मात्र एका अ‍ॅक्सलचे दोन्ही मिळूनच बदलावेत.

जादा एक पाटा टाकून गाडी उचलून घ्यावी का?

बसलेल्या गाडीवर हा उपाय सर्रास केला जातो, आणि तो मला अजिबात मान्य नाही. उंची गेली असताना कडकपणा वाढवणे म्हणजे दुखणे एक आणि औषध दुसरे. गाडी वर येते हे खरे, पण जो धक्का पूर्वी पाट्यांत जिरत होता तो आता हँगर (पाट्यांचे चासीवरचे आधार), रिव्हेट आणि चासी यांना पोहोचतो. साठ-सत्तर वर्षांच्या चासीच्या रिव्हेटना ते झेपत नाही. लांब शॅकल लावून गाडी उचलण्याचा उपायही असाच फसवा आहे: शॅकलची लांबी जितकी वाढवावी त्याच्या साधारण निम्मीच उंची मिळते, अ‍ॅक्सलचा कोन बदलतो आणि पुढच्या अ‍ॅक्सलवर हे केले तर सुकाणूचा कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळते त्याचा मागे झुकलेला कोन) बिघडून गाडी रस्त्यावर भरकटू लागते.

पाटे काढताना कोणती काळजी घ्यावी?

चासी भक्कम घोड्यांवर आणि अ‍ॅक्सल वेगळ्या जॅकवर, अशी दुहेरी व्यवस्था असल्याशिवाय एकही नट सोडू नये. शॉक अ‍ॅब्सॉर्बर आधी सोडवावेत आणि अ‍ॅक्सल ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नये. गंजलेल्या पिनांवर दोन-तीन दिवस आधीपासून झिरपणारे तेल सोडत राहावे. पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये कोन साधण्यासाठी पाचर बसवलेली असेल तर तिचे जाड तोंड कोणत्या बाजूला होते याची नोंद करावी. ती उलटी बसली तर मागे प्रॉपेलर शाफ्टचा (मागच्या अ‍ॅक्सलला शक्ती पोहोचवणाऱ्या दांड्याचा) आणि पुढे सुकाणूचा कोन बिघडतो.

संच सुटा करताना खरा धोका असतो. निपमुळे पाट्यांत ताण साठलेला असतो आणि सेंटर बोल्टचा नट सुटताच ते झटक्यात उघडतात. सेंटर बोल्टच्या दोन्ही बाजूंना मजबूत क्लॅम्प लावावेत, जुना बोल्ट काढून त्या जागी लांब आट्यांचा रॉड घालावा आणि मग नट हळूहळू सोडत पाटे मोकळे करावेत.

आडव्या पाट्याच्या गाड्यांना हेच सगळे लागू होते का?

तत्त्वे तीच आहेत, काढण्याची पद्धत वेगळी आहे. 1908 ते 1927 या काळातल्या फोर्ड मॉडेल टी गाडीला पुढे एक आणि मागे एक असे दोनच पाटे असतात आणि ते गाडीच्या रुंदीला समांतर बसवलेले असतात. 1922 साली आलेल्या ऑस्टिन सेव्हनला पुढे आडवा पाटा आणि मागे दोन पाव-कमानी आहेत, ज्यांचे एक टोक चासीत घट्ट आवळलेले असते. आडवा पाटा शॅकलमध्ये ताणून बसवलेला असतो, म्हणून शॅकल सोडण्याआधी पाटा फाकवणारे अवजार लावणे अनिवार्य आहे. पहारीने शॅकल उचकटण्याच्या प्रयत्नात हाताची बोटे जाऊ शकतात. पाव-कमानीत सगळा भार चासीतल्या पकडीच्या कडेवर येतो, तेव्हा तड्यांसाठी तीच कड प्रथम पाहावी.

पाटे साफ करण्यासाठी आम्लात बुडवावेत का? रंग कोणता द्यावा?

आम्ल टाळावे. कडक पोलाद आम्लात ठेवले किंवा त्यावर विजेने मुलामा चढवला की हायड्रोजन पोलादात शिरतो आणि पाटा बाहेरून निर्दोष दिसत असूनही अचानक तुटू शकतो. तारेचा ब्रश किंवा वाळूचा मारा हे सुरक्षित मार्ग आहेत. कार्यशाळेत सोय असेल तर पोलादी छर्‍यांचा मारा करून घ्यावा. तो साफसफाईसाठी नसून पाट्याच्या ताणल्या जाणाऱ्या पृष्ठभागात दाब निर्माण करून तड्यांना अटकाव करण्यासाठी असतो.

रंगाचा थर पातळ ठेवावा, आणि यू-बोल्टखाली येणाऱ्या भागात तर जवळजवळ नसावाच. जाड थर तिथे दाबाखाली चुरतो आणि घट्ट आवळलेले यू-बोल्ट काही दिवसांत आपोआप सैल होतात.

पाट्यांमध्ये ग्रीस लावावे का?

हे गाडीवर अवलंबून आहे. 1920 आणि 1930च्या दशकांतल्या अनेक गाड्यांत पाट्यांवर चामड्याची म्याने चढवून आत वंगण ठेवण्याची पद्धत होती. अशा संचाला ग्रॅफाइटयुक्त ग्रीस द्यावे. पाट्यांमध्ये रबराचे तुकडे असतील तर खनिज तेल त्यांना फुगवून नासवते, म्हणून तिथे काहीही लावू नये. उघड्या संचाला मी टोकांपाशी ग्रॅफाइटचा पातळ हात देतो, जास्त नाही, कारण उघड्या ग्रीसमध्ये धूळ बसली की तिचा एमरीसारखा लेप होतो. वंगणाने पाट्यांमधले घर्षण कमी होते आणि गाडी मऊ चालते, पण झोके शमवण्याचे जे काम ते घर्षण करत होते ते आता शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर पडते. ते अशक्त असतील तर गाडी हेलकावे खाऊ लागते.

बुश आणि पिना बदलायलाच हव्यात का?

पाटे उतरवलेले असताना न बदलणे म्हणजे तेच काम दोनदा करणे. पितळी किंवा ब्राँझच्या बुशात पिन एकाच बाजूने झिजते, म्हणून व्हर्नियरने तिचा व्यास दोन काटकोनी दिशांना मोजावा. नवा ब्राँझ बुश डोळ्यात दाबून बसवल्यावर आतून किंचित आवळतो, तेव्हा तो रीमरने मापाला आणावा लागतो. पिन हातोडीने ठोकून घालू नये. पिनेतले ग्रीसचे छिद्र आरपार मोकळे आहे का हे तार घालून पाहावे, कारण वरचा निपल ग्रीस घेत असूनही आतली वाट जुन्या घट्ट ग्रीसने बुजलेली असू शकते.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या शॅकल आट्यांच्या असतात आणि त्यांत काही डाव्या आट्यांच्या असतात. उजव्या समजून त्या फिरवल्या तर सुटण्याऐवजी आवळत जातात आणि आटे खराब होतात.

धातूच्या नळ्यांत रबर चिकटवलेले बुश असतील तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, पूर्ण ओझ्याखालीच अंतिम आवळावेत. अ‍ॅक्सल लोंबत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळले जाते, ते थोड्याच दिवसांत फाटते आणि पिळामुळे गाडीची उंचीही खोटी दिसते.

बसवताना यू-बोल्ट जुनेच वापरावेत का?

नवे घ्यावेत. आवळताना यू-बोल्ट ताणला जातो आणि जुन्या, गंजलेल्या आट्यांवर ठरलेला दाब मिळत नाही. सेंटर बोल्ट अ‍ॅक्सलला धरून ठेवतो असे अनेकांना वाटते, पण त्याचे काम पाटे एकत्र ठेवून अ‍ॅक्सलची जागा दाखवण्याचे आहे. धरून ठेवतो तो यू-बोल्टचा दाब. यू-बोल्ट सैल राहिले की सेंटर बोल्टवर कातर बसते आणि पाटा नेमका त्याच्या भोकापाशी वाकू लागून तिथेच तुटतो. म्हणून मध्यभागी तुटलेला पाटा दिसला तर नव्या पाट्याआधी जुन्या यू-बोल्टची चौकशी करावी. चारही नट कर्णरेषेत, तीन-चार टप्प्यांत, पुस्तिकेतल्या टॉर्कप्रमाणे आवळावेत.

क्लिपा मात्र आवळून टाकू नयेत. उसळीच्या वेळी पाटे एकमेकांपासून फाकू नयेत आणि पंख्यासारखे बाजूला सरकू नयेत एवढेच त्यांचे काम आहे. पाटे त्यांतून मोकळे सरकले पाहिजेत.

नवे किंवा कमान मारलेले पाटे बसवल्यावर गाडी फार उंच आणि कडक वाटते. काम चुकले का?

लगेच तसे मानू नये. पाटे काही दिवसांत थोडे बसतात. पण शॅकल पाहावी: पाटा सपाट होताना लांब होतो आणि ती वाढ शॅकल झुलून सामावून घेते, म्हणून तिला दोन्ही दिशांना मोकळी जागा हवी. कमान फार जास्त दिली असेल तर डोळ्यांमधले अंतर कमी होऊन शॅकल आत ओढली जाते, चासीला टेकते आणि गाडी पाट्याविनाच चालावी तशी आदळते. अशी शॅकल दिसली तर गाडी चालवून पाटे बसण्याची वाट पाहू नये, पाटे परत पाठवावेत.

पहिल्या सुमारे 100 किलोमीटरनंतर आणि पुन्हा 500 किलोमीटरनंतर यू-बोल्टचा टॉर्क तपासावा, चासी आणि अ‍ॅक्सल यांच्यामधली मापे परत घ्यावीत आणि दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर ओळंबा सोडून जमिनीवर उतरवून मोजावे. सुकाणू सरळ असताना ही दोन अंतरे मूळ मापाइतकी आणि एकमेकांशी जुळणारी असली पाहिजेत. फरक आला तर एखादा सेंटर बोल्ट अ‍ॅक्सलच्या खोबणीत नीट बसलेला नाही, आणि त्या बाजूचे यू-बोल्ट सोडून तो पुन्हा बसवावा लागेल. हेडलाइटचा झोत सगळ्यांत शेवटी लावावा, कारण गाडीची उंची ठरेपर्यंत तो ठरत नाही.